शिकागो, जून १९१२ : वादग्रस्त जागा आणि फुटलेला पक्ष

शुक्रवार, ७ जून. रिपब्लिकन अधिवेशनाला अकरा दिवस उरले आहेत. १०७८ प्रतिनिधींपैकी २५४ जागांवर वाद आहे. पक्षाची राष्ट्रीय समिती सुनावणीला बसते. उमेदवारीसाठी ५४० मते हवीत. एकीकडे विद्यमान अध्यक्ष विल्यम टाफ्ट, दुसरीकडे त्यांना त्या खुर्चीपर्यंत आणणारे थिओडोर रूझवेल्ट. ज्या बारा राज्यांत मतदारांनी थेट कौल दिला, त्यांतली नऊ रूझवेल्टनी जिंकली आहेत, अगदी टाफ्ट यांचे ओहायोसुद्धा. पण समितीत बहुमत टाफ्ट यांचे.

शनिवार, १५ जून. समितीच्या निवाड्यांची बेरीज टाफ्ट २३५, रूझवेल्ट १९ अशी होते. दक्षिणेतल्या बऱ्याच तक्रारी रूझवेल्ट गटाने आकडा फुगवायला केल्या होत्या, हे मान्य करायलाच हवे. टेक्सास, वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया इथल्या तक्रारी मात्र तशा नव्हत्या. उमेदवाराने अधिवेशनापासून दूर राहायचे हा रिवाज मोडून रूझवेल्ट स्वतः शिकागोत दाखल होतात.

मंगळवार, १८ जून, दुपार. कोलिझियम सभागृह. व्यासपीठाभोवती झेंड्यांच्या कापडाआड काटेरी तार लपवली आहे. पक्षाला आपल्याच माणसांची एवढी धास्ती! प्रतिनिधींच्या यादीतली ७२ नावे बदला, मग पुढचे बोला, अशी मागणी रूझवेल्ट गटातले मिझुरीचे गव्हर्नर हॅडली करतात. ती फेटाळली जाते.

संध्याकाळ. अधिवेशनाच्या हंगामी अध्यक्षाची निवड. टाफ्ट गटाचे एलिहू रूट ५५८, रूझवेल्ट गटाचे मॅकगव्हर्न ५०१. रूट एकेकाळी रूझवेल्टचेच परराष्ट्रमंत्री. त्यांना बहुमतापेक्षा फक्त १८ मते जास्त मिळाली, आणि ज्यांच्या जागांवर वाद होता त्यांनीही या मोजणीत मत टाकले होते.

बुधवार, १९ जून. रूट निर्णय देतात : स्वतःच्या जागेवर कुणी मत देऊ नये, इतरांच्या वादात मात्र द्यावे. माझ्या मते पक्ष इथेच फुटला. नियम जुना होता, पूर्वदाखलेही होते. पण ज्यांच्या जागा एकाच समितीने वाटल्या, त्यांनी एकमेकांसाठी हात वर करायचे, तर न्यायनिवाडा कुणी करायचा? चार वर्षांपूर्वी याच यंत्रणेने टाफ्ट यांच्या बाजूने जागा वाटल्या, तेव्हा रूझवेल्ट तिच्या मागे उभे होते. तेव्हाच नियम बदलला असता तर?

शुक्रवार, २१ जून. एकेका राज्याचा वाद पुकारला जातो, टाफ्ट यांच्या बाजूने निकाली निघतो. विरोध चिरडला जातोय हे दाखवायला सभागृहात सँडपेपर घासून आणि तोंडाने शिट्या मारून लोक रोड रोलरचा आवाज काढतात.

शनिवार, २२ जून. रूझवेल्ट यांचे निवेदन वाचले जाते : जागेवर बसा, मत देऊ नका. मॅसॅच्युसेट्सचे काही प्रतिनिधी गप्प राहतात, तेव्हा रूट त्यांच्या पर्यायी प्रतिनिधींना पुकारतात.

रात्र. टाफ्ट ५६१, रूझवेल्ट १०७. साडेतीनशेच्या आसपास प्रतिनिधी हजर असून मत देत नाहीत. त्याच रात्री ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये त्यांचा जमाव नव्या पक्षाची हाक देतो.

ऑगस्टमध्ये त्याच कोलिझियममध्ये प्रोग्रेसिव्ह पक्षाचे अधिवेशन भरले. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट वुड्रो विल्सन सुमारे ४२ टक्के मतांवर ४३५ इलेक्टर (अध्यक्ष निवडणारे निर्वाचक) घेऊन अध्यक्ष झाले. रूझवेल्टना ८८ इलेक्टर मिळाले. टाफ्ट यांच्या वाट्याला यूटा आणि व्हरमाँट ही दोनच राज्ये आली, म्हणजे ८ इलेक्टर.