सुरत नावाचा हलका माल

स्क्रॅबलच्या पटावर कुणी एस-यू-आर-ए-टी ही पाच अक्षरं मांडली, की समोरचा हरकत घेणारच. गावांची नावं चालत नाहीत, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण ही हरकत टिकत नाही. कॉलिन्सच्या स्क्रॅबल यादीत हा शब्द आहे, तोही अनेकवचनासकट. चेंबर्सच्या कोशात अर्थ दिला आहे: जाडाभरडा, न रंगवलेला सुती माल. पहिलं अक्षर लहान, म्हणजे विशेषनाम नव्हे, सामान्यनाम.

कोश इथे थांबतो. कागदपत्रं मात्र आणखी एक अर्थ सांगतात, आणि तो सुरतकरांना आवडण्यासारखा नाही. 1860च्या दशकात इंग्लंडातल्या लँकाशायरमध्ये सुरत म्हणजे भेसळीचा, हलका माल. मग तो कापूस असो, कापड असो की दारू.

याचा सर्वांत नेमका पुरावा आहे एका अब्रुनुकसानीच्या दाव्याचा. लंडनच्या टाइम्सनं 8 मे 1863 रोजी त्याची हकीकत छापली. वादी होते बिअर गाळणारे. जाहिरातीत आपल्याला ‘सुरत’ बिअरवाले म्हटल्यामुळे धंद्याचं नुकसान झालं, अशी त्यांची तक्रार होती. जॉन कॅम्डेन हॉटन या लंडनच्या प्रकाशकाचा बोलीतल्या चालू शब्दांचा कोश 1859मध्ये निघाला होता. पुढच्या आवृत्तीत त्यानं टाइम्सची हीच बातमी उचलून ‘सुरत’ शब्दाखाली नोंदवली. अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झाल्यापासून गिरणीवाले अमेरिकी कापसात सुरती कापूस मिसळू लागले, तो कमी प्रतीचा, म्हणून तिथले लोक कुठल्याही हलक्या मालाला सुरत म्हणू लागले, असा खुलासा त्यात आहे.

मला खटल्याच्या निकालापेक्षा हा खुलासा मोलाचा वाटतो. लंडनच्या वाचकाला शब्द समजावून सांगावा लागला, याचा अर्थ तो तेव्हा प्रांतापुरता आणि नवा होता. आणि त्यावरून कोर्टात जावंसं वाटलं, याचा अर्थ त्या प्रांतात तो सगळ्यांना झोंबण्याइतका रुळलेला होता. एका बातमीतून शब्दाचं वय आणि वस्ती दोन्ही कळतात, असं क्वचितच घडतं.

दुसरा कागद सॅम्युएल लेकॉक या लँकाशायरच्या बोलीत लिहिणाऱ्या कवीचा. तो स्वतः स्टेलीब्रिजच्या गिरणीतला, आणि कापसाच्या टंचाईत काम गेलेला. सुरती कापूस विणणाऱ्या मजुराच्या तोंडी त्यानं एक गाणं घातलं, त्याच्या शीर्षकात शब्द येतो तो ‘शुरॅट’ असा. हे स्पेलिंग कोशातून आलेलं नाही, मागाच्या खडखडाटातून आलेलं आहे. तिसरी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते: प्रार्थनेत कुणीतरी देवाकडे कापूस मागितला, तेव्हा मागून आवाज आला, पण सुरतेचा नको. कथा झकास आहे, पण प्रत्येक सांगणाऱ्यागणिक गाव आणि माणूस बदलतो. पुरावा म्हणून मी ती बाजूला ठेवतो.

या मजुरांचा राग समजण्यासारखा होता. युद्धाआधी ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त अमेरिकेतून यायचा. एप्रिल 1861मध्ये तिकडे यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमारानं अडवली, आणि 1862च्या हिवाळ्यात लँकाशायर आणि आसपासच्या भागात लाखो माणसं धर्मादाय शिध्यावर आली. ज्यांचा माग चालू होता त्यांच्या वाट्याला आला हिंदुस्थानी कापूस. यंत्रं जुळवलेली अमेरिकी लांब धाग्याला. हा कापूस आखूड. सूत घटकेघटकेला तुटायचं. त्यात सरकीचे तुकडे, पाचोळा, माती. ताणा टिकावा म्हणून खळ जास्त लावायची, हवा दमट ठेवायची. मजुरी मिळायची ती विणलेल्या कापडावर, तुटलेलं सूत जोडण्यात गेलेल्या वेळाचं कुणी काही देत नव्हतं. शिवी तयार व्हायला एवढं पुरे.

आता शिवी सुरतेलाच का? लिव्हरपूलच्या बाजारात पश्चिम हिंदुस्थानातल्या कापसाचं सरसकट नाव ‘सुरत’ होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत माल सुरतेहून जायचा, तेव्हा पडलेलं हे नाव. 1613मध्ये जहांगीरच्या फर्मानानं इंग्रजांची वखार सुरतेत पक्की झाली. पण एकोणिसाव्या शतकात जहाजं मुंबईहून सुटत होती. भावपत्रकात पोटनावं असायची: धोलेरा, भरूच, धारवाड, हिंगणघाट, आणि अमरावतीवरून पडलेलं ‘उमरावती’. लँकाशायरच्या विणकरानं ज्याच्या नावानं बोटं मोडली त्या कापसात आपल्या वऱ्हाडचा आणि खानदेशचा मोठा वाटा होता. उलट खुद्द भरूच-सुरत पट्ट्यातला कापूस देशी वाणांत वरच्या प्रतीचा मानला जाई. नाव बद्दू झालं ते भलत्याचंच.

भेसळीचा आरोप मात्र खोटा नव्हता. मुंबई सरकारनं कापसातल्या लबाडीविरुद्ध 1829मध्येच नियम केला होता, म्हणजे लँकाशायरच्या तक्रारीच्या तीसेक वर्षं आधी. 1863मध्ये नवा कायदा आला, त्यात दाबयंत्रांना परवाने आणि तपासायला निरीक्षक होते. एकाच वर्षी टाइम्समध्ये खटला आणि मुंबईत कायदा, हा योगायोग नसावा. पण सगळं खापर शेतकऱ्यावर फोडणंही चूक. वऱ्हाडातला कापूस रेच्यावर सरकी काढून बैलगाडीवर चढायचा, वाटेत धूळ आणि पाऊस खायचा, हातोहात विकला जायचा. मुंबईहून निघालेला लोहमार्ग थळ घाट पार करून सलग जोडला गेला तो 1865मध्ये, नागपूरला पोचला 1867मध्ये. टंचाईच्या ऐन दिवसांत या कापसाच्या प्रवासाचा मोठा भाग चाकोरीतूनच झाला. ओला कापूस जास्त वजन भरतो, हे अडत्याला ठाऊक होतं आणि शेतकऱ्यालाही.

थोडं आडवळण. शब्द खरा की बनावट, हा वाद ज्याच्या नावानं सहज पेटावा असा एक लेखक म्हणजे नॉर्विचचा डॉक्टर सर थॉमस ब्राउन. ‘इलेक्ट्रिसिटी’ हा शब्द त्याच्या 1646च्या पुस्तकात आहे. मागच्या बाजूला मूत्र सोडणाऱ्या प्राण्यांसाठी योजलेला ‘रेट्रोमिन्जंट’ही त्यातलाच. पहिला जग वापरतं, दुसरा ऐकून कुणीही पैज लावेल की हा बनावट आहे. आणि या ब्राउनला सुरतेहून एक पत्र गेलं होतं: इंग्रज वखारीचा पाद्री एस्कलियट यानं 26 जानेवारी 1664 रोजी लिहिलेलं, शिवाजी महाराजांच्या पहिल्या सुरत स्वारीचं. महाराजांची अंगकाठी, तीक्ष्ण नजर आणि बोलताना दिसणारं हसू यांचं जे वर्णन आपण शाळेपासून ऐकतो, ते या पत्रातलं. मराठी माणसाला ते इतिहासाचं साधन म्हणून माहीत आहे. ते पोचलं मात्र शब्द घडवणाऱ्याच्या टेबलावर.

आजच्या सुरतेत सुरती कापूस शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. शहराच्या पूर्वेला पर्वत पाटियाहून कडोदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर साड्यांची पार्सलं लादलेले टेम्पो दिवसभर दिसतात. आत बहुतेक पॉलिस्टर. जवळच्या लिंबायत-डिंडोलीत अहिराणी कानावर पडते, कारण यंत्रमागांवर, भरतकामाच्या यंत्रांवर आणि मार्केटातल्या गाठोड्यांखाली जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं आहेत. ज्या खानदेशचा कापूस सुरतेच्या नावानं बदनाम झाला, तिथली माणसं आता सुरतेच्या नावानं कापड विकतात. मला यात इतिहासाची गंमत दिसते. त्यांना पाळी संपायची घाई असते.

1865मध्ये अमेरिकेतलं युद्ध मिटल्याची खबर आली आणि मुंबईत कापसाचे भाव कोसळले. मागोमाग शेअरबाजार झोपला, बॅकबेत भर घालणाऱ्या कंपनीचे शेअर रद्दी झाले, आणि कापसाच्या तेजीवर साम्राज्य उभारणारे प्रेमचंद रायचंद बुडाले. त्यांचा जन्म सुरतेचा. तिकडे अमेरिकी गाठी पुन्हा लिव्हरपूलला उतरू लागल्या तशी विणकरांची शिवी विरत गेली. कापडाचा अर्थ कोशांत टिकला, शिवीचा अर्थ हॉटनच्या नोंदीत राहिला. बिअरवाले कोर्टाची पायरी चढले नसते, तर त्या अर्थाला तारीखही मिळाली नसती.