जुन्या संगणकाच्या शोधात

दोंडाईच्याच्या भंगारबाजारात आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक जुने संगणक शोधत हिंडतो, याचे विद्यार्थ्यांना हसू येते. जगभरचे संग्राहक १९७६ च्या पहिल्या ॲपलसाठी वाटेल ती किंमत मोजतात. आम्हांस हवा असतो तो एखाद्या छापखान्यात अक्षरजुळणी केलेला, कोणत्याही कंपनीचे नाव नसलेला संगणक. भंगारवाला तो किलोच्या भावाने घेतो.

कारण सांगावयास हवे. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड पुढे आणले, तेव्हा डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटू लागली. तो मजकूर इस्की संकेतांत साठवला जाई, आणि इस्की १९९१ मध्ये भारतीय मानक झाले. 'क'ला एकच ठरलेला अंक असल्याने असा मजकूर आज युनिकोडमध्ये आणणे फारसे अवघड नाही. खरी दैना झाली ती पुढे, विंडोजवरील फॉन्टांमुळे. काना, मात्रा, अर्धी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविली गेली, तीही ज्याने त्याने आपापल्या सोयीने! तो फॉन्ट नसेल तर अभंगाच्या जागी रोमन अक्षरांचा खच दिसतो. काही प्रणाली तर संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या खोबणीत लावावयाच्या कुलुपाशिवाय सुरूच होत नसत. आजच्या संगणकाला ती खोबणच नाही.

इतिहासाचार्य राजवाड्यांचे १९२६ च्या अखेरीस ज्या धुळ्यात निधन झाले, ते आमचेच जिल्ह्याचे गाव. त्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली. वाण्याच्या पुडीत जाणारा कागद आणि किलोने जाणारा संगणक यांत आम्हांस फार अंतर वाटत नाही. मात्र वाळवीने खाल्लेला कागदही, मोडी येत असेल तर, उरला तेवढा वाचता येतो. फ्लॉपीचे तसे नाही. (मोडी वाचणारे तरी आज किती, हा प्रश्न वेगळा.)

गेल्या वर्षी बंद पडलेल्या एका छापखान्यातून असा एक संगणक कुलपासह मिळाला. सोबत अकरा फ्लॉप्या होत्या. एका निवृत्त शिक्षकांनी जमविलेल्या जात्यावरच्या अहिराणी ओव्या त्यांवर होत्या. पुस्तक निघालेच नाही, हस्तलिखित पुरात गेले, गाणाऱ्या बायाही आता नाहीत. चार फ्लॉप्या उघडल्या, सातांवर बुरशी चढली होती. तिसरीतील ओवी मध्येच तुटते. तिचा उरलेला भाग पाचवीत असावा, आणि पाचवी उघडत नाही. त्याच छापखान्याचा दुसरा संगणक शहाद्यास विकला गेल्याचे कळले आहे. येत्या रविवारी तिकडे जातो आहोत.