कुलूप अरबी, चावी पोर्तुगीज

कुलूप म्हणजे मूळचा अरबी ‘कुफ्ल’. फारसीमार्गे मराठीत येईतो ‘फ’ आणि ‘ल’ यांनी जागा बदलल्या आणि ‘फ’चा ‘प’ झाला. कुल्फीही याच घराण्यातली, झाकणबंद साच्यात गोठवतात म्हणून. चावी पोर्तुगिजांची. आज ते ‘शाव्ह’ म्हणतात, पण सोळाव्या शतकात त्यांच्याही तोंडी ‘च’च होता. टाळे मात्र संस्कृत ‘तालक’चे वंशज, हल्ली ते घरांपेक्षा गिरण्यांना आणि कचेऱ्यांनाच जास्त ठोकले जाते.

कुलपांचा कारागीर फारसीत ‘कुफ्लसाज’, कुलूप घडवणारा. इंग्रजीत ‘लॉकस्मिथ’, कुलपांचा लोहार. मराठीत तो नुसता चावीवाला. नाव साधे, पण मला तेच जास्त खरे वाटते, कारण कुलूप घडवणे त्याच्या हातून केव्हाच सुटले.

खोर्साबादच्या असीरियन राजवाड्यात सापडलेले कुलूप लाकडी होते. अडसराला भोके, वरून खुंट्या आपल्याच वजनाने त्यांत पडायच्या. दातेरी किल्ली खालून उचलली की खुंट्या वर जायच्या आणि अडसर सरकायचा. अमेरिकेत लायनस येल (धाकटे) यांनी 1861मध्ये याच कल्पनेचे पेटंट घेतले, त्यांच्या कुलपातल्या खुंट्या धातूच्या होत्या आणि त्यांना स्प्रिंगा होत्या. किल्ली खिशात मावेल एवढी झाली आणि कुलपे यंत्रावर निघू लागली. मुंबईत लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी 1897मध्ये कुलपांचा कारखाना काढला. वकिली सोडून कुलपांकडे वळलेला माणूस!

लोहाराकडे मग उरली हरवलेली चावी. रस्त्याकडेच्या चावीवाल्याचे कसब पाहावे ते मूळ चावी नसताना. कोरी चावी तो मेणबत्तीच्या काजळीवर धरतो, कुलपात घालून जोर देऊन हलवतो आणि बाहेर काढून उजेडात तिरकी धरतो. आतल्या पत्त्या जिथे घासल्या तिथली काजळी पुसलेली असते. तेवढ्याच जागी कानस मारायची, पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. घाईत एक हात जास्त पडला की चावी भंगारात.

मोटारीच्या चिपवाल्या चावीपुढे ही कानस एकटी पुरत नाही. दात कापून झाले तरी चिपची नोंद गाडीत करावी लागते, त्याला वेगळे यंत्र लागते. ते यंत्र घेऊन येणाराही चावीवालाच.