आभासी खेळात अडकलेले खेळाडू : जपानी ॲनिमे मालिका

ऑनलाइन खेळात शिरलेल्या खेळाडूची बाहेर पडण्याची वाट बंद होते, या कल्पनेवर उभ्या असलेल्या जपानी ॲनिमे मालिकांचा गट. नायक परक्या जगात जाऊन पडतो अशा ‘इसेकाई’ कथांशी त्याचे जवळचे नाते असून दोहोंची सीमा कोठे आखावी याविषयी एकमत नाही. ‘ओव्हरलॉर्ड’ (2015) दोन्हीकडे मोजली जाते. या नोंदीत ‘लॉग-आउट करता न येणे’ ही कसोटी धरली आहे. गटातील मालिकांचा खरा वेगळेपणा मात्र खेळातल्या मृत्यूला प्रत्येकीने कोणता नियम लावला यात दिसतो.

आरंभ : ‘डॉट हॅक साइन’ (2002, 26 भाग, टीव्ही तोक्यो) ही या गटातील सुरुवातीच्या मालिकांपैकी एक. निर्मिती बी ट्रेन, दिग्दर्शन कोइची माशिमो, लेखन काझुनोरी इतो. आभासी युद्धखेळावरील मामोरु ओशिई यांच्या ‘ॲव्हलॉन’ (2001) या चित्रपटाची पटकथाही इतो यांचीच. ‘द वर्ल्ड’ नावाच्या खेळात जागा झालेला त्सुकासा बाहेर पडू शकत नाही. प्रत्यक्षातले त्याचे शरीर बेशुद्धावस्थेत असते. लढाया थोड्या, संभाषणे फार. घाईच्या प्रेक्षकाला ती रेंगाळलेली वाटते. पण एकटेपणाचा इतका शांत विचार पुढच्या मालिकांत क्वचितच आढळतो. 2002 मध्येच बंदाई कंपनीने प्लेस्टेशन 2 साठी याच विश्वातील खेळ बाजारात आणले. मालिकेचे संगीत युकी काजिउरा यांचे. ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’लाही त्यांनीच संगीत दिले.

सोर्ड आर्ट ऑनलाइन : मूळ लेखक रेकी कावाहारा. कादंबरी प्रथम एका स्पर्धेसाठी लिहिली होती. पृष्ठमर्यादा ओलांडल्याने त्यांनी ती आंतरजालावर टाकली. 2009 पासून ती देंगेकी बुन्को या मालेत पुस्तकरूपाने निघू लागली. ए-1 पिक्चर्सची मालिका 2012 मध्ये आली (25 भाग, दिग्दर्शक तोमोहिको इतो). कथेत 6 नोव्हेंबर 2022 रोजी दहा हजार खेळाडू ‘आइनक्राड’ या शंभर मजली तरंगत्या किल्ल्यात कोंडले जातात. क्लाइन या खेळाडूने संध्याकाळसाठी पिझ्झा मागवलेला असतो. तो घ्यायला म्हणून तो यादी उघडतो, तर लॉग-आउटचे बटणच जागेवर नसते. मग खेळाचा कर्ता कायाबा आकाशातून नियम सांगतो : खेळात मेला तो खरोखर मेला, डोक्यावरचे ‘नर्व्हगिअर’ मेंदू जाळून टाकील, आणि 213 जण याआधीच गेले आहेत. एवढा भेदक आरंभ लाभूनही मधल्या भागांत कथा मोठमोठ्या उड्या मारते. उत्तरार्धात नायिका आसुनाला पिंजऱ्यात ठेवल्याबद्दल पुष्कळ टीका झाली. लोकप्रियतेवर तिचा परिणाम दिसला नाही. पुढे आणखी पर्व व चित्रपट निघाले.

लॉग होरायझन : लेखक मामारे तोउनो. 2010 पासून ही कथा ‘शोसेत्सुका नि नारो’ या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागली. एनएचकेच्या शैक्षणिक वाहिनीवर 2013–14 मध्ये 25 भाग (सॅटेलाइट), 2014–15 मध्ये आणखी 25 (स्टुडिओ डीन), 2021 मध्ये 12. येथे मेलेला खेळाडू गिरिजाघरात पुन्हा उठतो. किंमत म्हणून आठवणींचे तुकडे गमावतो. मरणाची धास्ती अशी ओसरल्यावर ‘आता जगायचे कसे’ हा प्रश्न उरतो, आणि मालिका त्याला पुरेसा वेळ देते. खेळाच्या यादीतले बटण दाबून तयार होणारे अन्न दिसायला झकास, चवीला मात्र ओलसर, अळणी तांदळाच्या बिस्किटासारखे. न्यान्ता हा मांजरमुखी आचारी स्वतः चुलीपाशी उभा राहून मांस भाजतो, तेव्हा त्याला चव येते. ही युक्ती गुप्त ठेवून नायक शिरोए खेळातील अकिहाबारा शहरात बर्गर विकायला लावतो, कारागीर संघांकडून भांडवल उभे करतो आणि त्या पैशातून शहरातील संघभवनच विकत घेतो. संघांच्या तिजोऱ्या त्याच इमारतीत असल्याने सर्वांना वाटाघाटीला बसणे भाग पडते. नवख्या खेळाडूंना रोज मिळणारी अनुभववर्धक पेये बळकावून विकणारा ‘हामेलिन’ संघ मोडतो आणि अकरा संघांचे ‘गोलमेज मंडळ’ स्थापन होते. संगणकचलित पात्रे म्हणून दुर्लक्षिलेले ‘भूमिजन’ बोलू-रुसू लागल्यावर त्यांच्याशीही करार करावे लागतात. सहकार, कर, पतपुरवठा आणि नागरिकत्व यांवर इतके तपशीलवार बोलणारी दुसरी ॲनिमे मालिका दाखवणे कठीण. चित्रणाचा दर्जा दुसऱ्या पर्वात घसरला, हे मान्य करावे लागते.

इतर : ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ची उपमालिका ‘गन गेल ऑनलाइन’ (2018) याच विश्वातील आहे, मात्र तिच्यात खेळाडू अडकत नाहीत.

प्रभाव : मार्च 2016 मध्ये आयबीएम जपानने ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’वर आधारित आभासी खेळाची चाचणी तोक्योत निवडक 208 जणांवर घेतली. कथेतील तारखेच्या दिवशीच, 6 नोव्हेंबर 2022 रोजी, ऑक्युलसचे संस्थापक पामर लकी यांनी खेळात हरताच वापरणाऱ्याचा जीव घेईल असे स्फोटके बसवलेले शिरस्त्राण बनवल्याचे एका लेखात जाहीर केले. ते आपण स्वतः डोक्यावर चढवलेले नाही, हेही त्यांनी त्याच लेखात सांगितले.