तल्ली: शेजारी बसून शिकायची कला

शिवणाच्या बैठकीत या वेळी इथलीच एक कला करून बघूया: तल्ली.

तल्ली थेट कापडावर भरत नाहीत. धातूच्या स्टँडवर एक उशी असते, तिला म्हणतात काजूजा. त्या उशीवर सुती दोरे जरीसोबत वेणीसारखे गुंफून अरुंद पट्टी करतात. मग ती बाहीला, गळ्याला शिवतात.

उम्म अल कुवैन मोती काढणाऱ्यांचं गाव. उन्हाळाभर पुरुष समुद्रावर. त्यांचे मोती जायचे मुंबईच्या बाजारात. गावात बायका एकत्र बसून तल्ली गुंफायच्या, मुली बघून शिकायच्या. 1930च्या दशकात मोत्यांचा धंदा बुडाला, पुढे तयार कपडे आले. 2022मध्ये युनेस्कोने तल्लीला वारसा यादीत घेतलं. पण यादीने हात वळत नाही. शेजारी बसावंच लागतं. बैठकीला लेकींनाही आणा.