पुणे–शिरूर मार्ग

पुणे–शिरूर मार्ग : महाराष्ट्रातील एक ऐतिहासिक मार्ग. पुणे ते अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) या हमरस्त्याचा पुणे जिल्ह्यातील हा भाग असून त्याची लांबी सु. ६७ किमी. आहे. पुण्याच्या ईशान्येस वाघोली, पेरणे, कोरेगाव भीमा, शिक्रापूर व रांजणगाव या गावांवरून तो शिरूर ऊर्फ घोडनदी येथे पोहोचतो. तेथे घोड नदी ओलांडताच अहमदनगर जिल्हा सुरू होतो. सांप्रत हा रस्ता ७५३ एफ या राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. मोगल, मराठे व इंग्रज या तिन्ही सत्तांच्या लष्करी हालचाली या मार्गाने झाल्या. त्यांच्या खुणा रस्त्यालगत आढळतात; मात्र त्यांपैकी काहींना उभारणाऱ्यांनी दिलेला अर्थ पुढे टिकला नाही, लोकांनी त्यांना वेगळाच अर्थ दिला. हे या मार्गाचे विशेष लक्षण होय.

मार्गाचा बहुतेक भाग भीमा व घोड या नद्यांमधील कमी पावसाच्या पठारी प्रदेशातून जातो. भीमा कोरेगावाजवळ ओलांडावी लागते. घोड नदी सह्याद्रीत उगम पावून शिरूरवरून आग्नेयीस वाहते व दौंडच्या वरच्या अंगास भीमेला मिळते. पठार मोकळे व सपाट असल्यामुळे घोडदळाच्या आणि तोफखान्याच्या वाहतुकीस ते सोयीचे होते. निजामशाहीची राजधानी अहमदनगर आणि भोसले घराण्याची पुणे जहागीर यांना जोडणारी वाट म्हणून सतराव्या शतकापूर्वीपासून तिचे महत्त्व होते.

मार्गाच्या वायव्येस भीमा–इंद्रायणी संगमावर तुळापूर आहे. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने १६३३ मध्ये येथे तुळादान केले व त्यावरून गावास हे नाव पडले, असे सांगतात. छत्रपती संभाजी महाराज १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वर येथे पकडले गेले. त्यांना प्रथम दौंडजवळ भीमाकाठी असलेल्या पेडगावच्या बहादुरगडावर औरंगजेबापुढे आणण्यात आले. नंतर बादशाही तळ कोरेगाव–तुळापूर परिसरात हलला आणि तेथे ११ मार्च १६८९ रोजी त्यांचा वध झाला. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे त्यांची समाधी आहे. पेशवेकाळात वाघोली हे पिलाजी जाधवराव या मातब्बर सरदाराच्या घराण्याचे ठिकाण होते. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान असलेल्या रांजणगावच्या देवळाचा दगडी गाभारा थोरल्या माधवराव पेशव्यांनी बांधविला. त्यामुळे लष्करी वाटेला यात्रेकरूंच्या वाटेचेही रूप आले.

वसईच्या तहाने (३१ डिसेंबर १८०२) दुसऱ्या बाजीरावाने किमान ६,००० पायदळाची इंग्रजी तैनाती फौज पदरी ठेवण्याचे मान्य केले. या फौजेचे मुख्य ठाणे शिरूर येथे झाले. पुण्यापासून दोन-तीन मजलांच्या अंतरावर असल्याने तेथून पेशव्यांच्या राजधानीवर व निजामाच्या सरहद्दीवर एकाच वेळी नजर ठेवता येत असे. छावणीबरोबर बाजारपेठ वाढली. पुण्याच्या १८१७ च्या तहानंतर पेशव्यांच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली उभारलेले घोडदळ पुढे ‘पूना हॉर्स’ या नावाने प्रसिद्धीस आले. खडकीच्या लढाईनंतर (५ नोव्हेंबर १८१७) जनरल स्मिथ गोदावरीकाठाहून अहमदनगर व शिरूर यांवरून १३ नोव्हेंबर रोजी पुण्याजवळ येऊन पोहोचला आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले.

पुढील महिन्यात बाजीराव पुन्हा पुण्याच्या रोखाने येत असल्याचे पाहून पुण्यातील अधिकारी कर्नल बर याने शिरूरहून कुमक मागविली. कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन हा मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण (सु. ५०० शिपाई), सु. ३०० घोडेस्वार व मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा घेऊन ३१ डिसेंबरच्या रात्री निघाला. रात्रभर सु. ४० किमी. चालून तो १ जानेवारी १८१८ रोजी सकाळी भीमेजवळ आला. तेव्हा पलीकडे पेशव्यांची हजारोंची फौज त्याच्या दृष्टीस पडली. त्याने कोरेगावाचा आश्रय घेतला. अरब, गोसावी व इतर पायदळाने गावावर हल्ला चढविला. दिवसभर गल्ल्यांतून झुंज झाली. कंपनीच्या शिपायांना अन्न वा पाणी मिळाले नाही. रात्री हल्ला थांबला. स्मिथची फौज मागावर असल्याने पेशव्यांनी तेथून कूच केले व स्टाँटन शिरूरला परतला. कंपनीकडील मृत, जखमी व बेपत्ता यांची संख्या २७५ होती. पुणे गाठण्याचा स्टाँटनचा हेतू साधला नाही आणि त्याचा नाश करणे पेशव्यांच्या फौजेलाही जमले नाही. यामुळे लढाईच्या निकालाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. कंपनी सरकारने मात्र तिला मोठा विजय मानले. पेरणे गावाच्या हद्दीत २६ मार्च १८२१ रोजी स्तंभाची पायाभरणी झाली. सु. २० मी. उंचीच्या या चौकोनी दगडी स्तंभावर इंग्रजी व मराठी लेख असून त्यावर कामास आलेल्यांची नावे कोरलेली आहेत.

या नावांपैकी अनेक ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. ती महार शिपायांची होत. राज्यकर्त्यांनी आपल्या पराक्रमाचे स्मारक म्हणून उभारलेल्या स्तंभाला यामुळे पुढे निराळा संदर्भ लाभला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. तेव्हा पूर्वजांच्या सेवेचा पुरावा म्हणून शिवराम जानबा कांबळे आदी कार्यकर्त्यांनी या स्तंभाकडे लक्ष वेधले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी येथे भेट दिली. त्यानंतर हे स्थान दलितांच्या स्वाभिमानाचे प्रतीक बनले असून दरवर्षी त्या दिवशी लाखो लोक येथे मानवंदनेसाठी येतात. लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी (१ जानेवारी २०१८) परिसरात हिंसाचार होऊन एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याच्या चौकशीसाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती ज. ना. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. एकाच परिसरातील ऐतिहासिक खुणांचा अर्थ वेगवेगळे समाज कसा लावतात, हा प्रश्न येथे केवळ अभ्यासाचा उरलेला नाही.

शिरूर येथील कर्नल विल्यम वॉलेस याच्या थडग्याच्या बाबतीत असाच बदल वेगळ्या रीतीने घडला. वॉलेस हा असईच्या लढाईत (१८०३) वेलस्लीच्या हाताखाली एका ब्रिगेडचा प्रमुख होता. तो १८०९ मध्ये शिरूर येथे मरण पावला. आसपासच्या गावांतील लोक त्याला ‘सत्पुरुष’ मानू लागले आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर नेण्याची प्रथा पडली. मुंबई सरकारच्या गॅझेटियरने तिची नोंद केली आहे. परक्या सेनाधिकाऱ्याला ग्रामीण श्रद्धेने आपल्या दैवतांच्या पंक्तीत बसविल्याचे हे एक लक्षणीय उदाहरण होय.

पेशवाईच्या अस्तानंतर मुख्य लष्करी ठाणे म्हणून शिरूरचे महत्त्व कमी झाले. तथापि घोडदळाची छावणी तेथे पुढेही बराच काळ होती. अमेरिकन मराठी मिशननेही येथे आपले केंद्र काढले. नगरपालिका १८६८ मध्ये स्थापन झाली. वाहतुकीचा ओघ मात्र लोहमार्गाने वळविला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुण्याहून सोलापूरकडे जाणारा फाटा १८५८ च्या अखेरीस दौंडवरून पुढे गेला. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाल्यावर पुण्याहून रेल्वेने अहमदनगरला जाण्याची वाट दौंडवरून पडली. भीमाकाठचे दौंड यामुळे प्रस्थानक म्हणून वाढले. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘मुक्ती सदना’ची स्थापना केली. लोहमार्गापासून दूर राहिलेले शिरूर आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ म्हणून टिकून राहिले.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रांजणगाव येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. शिक्रापूर व सणसवाडी परिसरातही कारखाने वाढले आणि मार्गाला पुन्हा महत्त्व आले. अवजड वाहने, कामगार व यात्रेकरू यांची वर्दळ वाढून वाघोली ते शिक्रापूर या भागात वाहतुकीची कोंडी नित्याची झाली आहे. रस्त्याच्या रुंदीकरणाबरोबर काठावरील जुन्या वास्तूंच्या जतनाचा प्रश्नही निर्माण झाला आहे. कोरेगावचा स्तंभ व वढूची समाधी यांना लोकांच्या सततच्या राबत्याचे संरक्षण आहे. ज्या खुणांना असा वारसदार समाज लाभलेला नाही, त्या शिरूरच्या छावणीकाळातील अवशेषांची पद्धतशीर नोंद होणे इतिहासाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.