रविवारची सुटी कुणी मागितली?

कामाच्या ठिकाणचा ताण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? काचेच्या इमारती, लॅपटॉप, रात्री अकरा वाजता वाजणारा फोन. आणि त्यावरचा उपाय म्हणून कंपनीनं ठेवलेलं प्राणायामाचं एखादं सत्र. ताण हा आजचा आजार आहे आणि तो ज्याचा त्यानं आवरायचा, अशी आपली समजूत झालेली आहे. ही समजूत तपासण्यासाठी आज आपण साधारण १४० वर्षं मागे, मुंबईच्या कापड गिरण्यांत जाणार आहोत.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढलेल्या कंपनीपासून मुंबईतल्या गिरण्यांची सुरुवात होते. त्या काळात काम किती तास चालायचं? सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. यंत्र वाफेवर चालत होतं, पण तुटलेला धागा दिसायला उजेड लागायचा. त्यामुळे हिवाळ्यात दिवस लहान, उन्हाळ्यात तेरा तासांच्याही वर. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. सणावारी गिरणी बंद असायची, पण पुष्कळदा त्या दिवशीही यंत्रं पुसायला बोलावणं यायचं.

१८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यामागे मुलांबद्दलची कणव होती, तशीच स्वस्त हिंदी कापडाची लँकेशायरच्या गिरणीमालकांना वाटणारी धास्तीही होती. या कायद्यानं सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ कामगारांच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हतं.

इथे नारायण मेघाजी लोखंडे यांचा प्रवेश होतो. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक. एका गिरणीत त्यांनी स्टोअरकीपर म्हणून काम केलेलं होतं, म्हणजे गिरणीतलं जगणं जवळून पाहिलेलं. १८८० पासून ते ‘दीनबंधु’ हे पत्र चालवत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं.

त्यातल्या मागण्या आपण नीट पाहू. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुटी हवी. दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर निर्वाहाची सोय व्हावी.

‘ताण’ हा शब्द या यादीत कुठेच नाही. पण आज ज्यांना आपण ताणाची कारणं म्हणतो, ती इथे एकेक करून आलेली आहेत. थकवा, विश्रांतीचा अभाव, पैशाची अनिश्चितता, दुखापतीनंतर घर कसं चालायचं ही धास्ती. कामगार असं म्हणत नव्हते की आमचं मन खंबीर करा. ते म्हणत होते, कामाची रचना बदला. आजच्या व्याख्यानातला आमचा मुख्य मुद्दा हाच आहे.

पुढे २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुटी मान्य केली. म्हणजे सहा वर्षं मागावी लागली. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली, स्त्रियांना ११ तासांची मर्यादा मिळाली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगनं गेले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण प्रौढ पुरुषांच्या तासांना अजूनही हद्द नव्हती. म्हणजे एकच होती, सूर्यास्ताची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तीही गेली. तेजीच्या काळात काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. दिव्याचा दोष नव्हता हो. काम कधी थांबायचं हे अंधार ठरवत होता. अंधार हटल्यावर ते कुणीतरी ठरवायला हवं होतं, आणि तसा नियमच नव्हता.

तो नियम यायला १९११ साल उजाडलं. कापड गिरण्यांत पुरुषांसाठी १२ तास. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४, आणि १९४६ च्या दुरुस्तीनं ४८. हे शेवटचं पाऊल पडलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं मोठ्या कारखान्यांत कँटीन, पाळणाघर आणि कल्याण अधिकारीही बंधनकारक केले.

आता आपल्याकडे वळू. गिरणीतल्या दिव्याची जागा आज खिशातल्या फोननं घेतली आहे. घरी पोचलो म्हणजे काम संपलं, ही हद्द आपल्याही डोळ्यांदेखत पुसली गेली. प्राणायाम वाईट नाही. समुपदेशनाची ज्याला गरज आहे त्याला ते मिळायलाच हवं. पण साहेबाचा मेसेज रात्री अकराला येत असेल, तर सकाळच्या सत्रानं रात्रीची झोप भरून निघत नाही.

तेव्हा तुमच्या कार्यालयात ‘कर्मचारी कल्याण’ असा विषय निघाला, तर लोखंड्यांची ती यादी आठवा आणि साधे प्रश्न विचारा. काम किती वाजता थांबतं? सुटीच्या दिवशी खरोखर सुटी असते का? आजारी पडलं तर पगाराचं काय? आणि हे विचारताना एकट्यानं विचारू नका. १८८४ मध्येही एकट्याच्या सहीनं काही झालं नसतं.